छोट्या ब्रशलेस पंपाचा वेग कमी-जास्त कसा करायचा

पंप १२ व्होल्टचा, मुठीत मावेल एवढा. पण चालू केला की पाणी अशा जोरात उसळतं की निम्मं भांड्याबाहेर. मग साहजिकच वाटतं, छताच्या पंख्याला असतो तसा याला एखादा रेग्युलेटर लावावा. लावता येतो. पण कोणता लावायचा हे पंपातून किती वायरी बाहेर आल्या आहेत आणि त्या कशासाठी आहेत यावर ठरतं. नवीन माणूस नेमकं तेवढंच न बघता कामाला लागतो.

मीही सुरुवातीला तेच केलं. एलईडी पट्ट्यांचा प्रकाश मंद करणारा पीडब्ल्यूएम (म्हणजे वीज झपाट्याने तोडत-जोडत राहणारा) डिमर हाताशी होता, तो दोन वायरींच्या पंपाला जोडला. नॉब पूर्ण फिरवलेला असताना पंप छान चालला. थोडा मागे घेतला तर आतून टकटक ऐकू यायला लागली आणि नळीतून पाणी उचकी लागल्यासारखं येऊ लागलं. आणखी मागे घेतला तर पंप थांबायचा, दोन-तीन सेकंदांनी एक झटका द्यायचा, पुन्हा थांबायचा. तसाच काही दिवस वापरला आणि एके सकाळी तो चालूच झाला नाही. पंप चांगला होता, जोडणी चुकीची होती. म्हणून आधी आत काय चालतं ते पाहू. ते कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आत काय असतं

जुन्या पद्धतीच्या डीसी मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासत राहतात आणि कॉइलमधल्या करंटची दिशा तेच बदलतात. ब्रशलेस पंपात घासणारं काही नाही. इम्पेलरला चिकटलेलं चुंबक थेट पाण्यात, बहुतेक वेळा सिरॅमिकच्या बारीक दांड्यावर फिरतं. कॉइल भिंतीपलीकडे इपॉक्सीत गाडलेल्या असतात, त्यामुळे पाणी आत शिरायला वाट नसते. कोणत्या क्षणी कोणत्या कॉइलला करंट द्यायचा हे एक छोटं ड्रायव्हर सर्किट ठरवतं. चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आला हे त्याला हॉल सेन्सर सांगतो.

म्हणजे त्या दोन वायरी कॉइलला जातच नाहीत, ड्रायव्हरला जातात. डिमर काय करतो? सेकंदाला शेकडो-हजारो वेळा सप्लाय तोडतो आणि जोडतो. साध्या ब्रशवाल्या मोटरला ते चालतं, तिला सरासरी व्होल्टेज मिळतं. इथे मात्र दर वेळी ड्रायव्हरचाच जीव जातो आणि परत येतो. सेन्सरचं वाचन अर्धवट राहतं. चुंबक अडकलं असा समज करून घेऊन बरेच ड्रायव्हर काही सेकंद आउटपुट बंद ठेवतात आणि मग पुन्हा प्रयत्न करतात. मला दिसलेले झटके तेच. शिवाय ड्रायव्हरच्या तोंडाशी कॅपॅसिटर असेल तर प्रत्येक जोडणीला तो एकदम करंट ओढतो, आणि त्याचा ताण डिमरच्या मॉसफेटवरही, म्हणजे सप्लाय तोडणाऱ्या-जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवरही येतो.

दोन वायरींच्या पंपाला सप्लाय अखंड हवा. कमी-जास्त करायचं ते व्होल्टेज.

पायरी १ : पंप ओळखा

पंपावरचं लेबल वाचा. डीसी लिहिलेलं आहे ना, याची खात्री करा. घरातल्या विजेवर थेट चालणारे एसी सबमर्सिबल पंप हा वेगळा प्रकार. त्यातले बरेचसे सिंक्रोनस असतात, म्हणजे त्यांचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. त्यांना या लेखातलं काहीही लावू नका.

दोन वायरी असतील तर पंप सप्लायपासून सुटा करून मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजा, मग प्रोब उलट लावून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा तोच, काही ओहमचा आकडा आला तर मोटर ब्रशवाली आहे. तिला फ्रीव्हीलिंग डायोडसह (सप्लाय तुटल्यावर कॉइलमधल्या करंटला वाट देणारा, मोटरला उलटा जोडलेला डायोड) पीडब्ल्यूएम खुशाल वापरा. दोन वेळा वेगळे आकडे आले, किंवा आकडा हळूहळू चढत गेला, तर आत ड्रायव्हर आहे. सप्लाय उलटा देऊन बघण्याची युक्ती करू नका. ब्रशलेस पंप त्याने उलटा फिरत नाही, आणि आत संरक्षक डायोड नसेल तर ड्रायव्हर जळतो.

तीन वायरी असतील तर दोन शक्यता. तिन्ही सारख्याच जाड आणि कोणत्याही दोहोंमध्ये सारखाच, अगदी कमी रेझिस्टन्स, म्हणजे आत ड्रायव्हर नसलेली थ्री-फेज मोटर. लाल, काळी आणि तिसरी एखादी बारीक वायर असेल तर तिसरी सिग्नलची. चार वायरींचे पंप बहुधा संगणकाच्या वॉटर कूलिंगचे. या दोघांकडे नंतर येतो, कारण बहुतेकांच्या हातात दोन वायरींचाच पंप असतो.

पायरी २ : पाणी किती उंच चढवायचं ते आधी मोजा

ही पायरी सगळे गाळतात, आणि नंतर पंप फिरतोय पण पाणी येत नाही म्हणून गोंधळतात.

समजा लेबलवर १२ व्होल्ट, २४० लिटर प्रतितास, हेड (म्हणजे पाणी ढकलण्याची कमाल उंची) ३ मीटर असं आहे. हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. २४० लिटर मिळतात ते पाणी मुळीच चढवायचं नसतं तेव्हा, आणि ३ मीटर उंचीला पाणी नुसतं नळीत उभं राहतं, बाहेर येत नाही.

आता वेग कमी केला तर काय होतं? सेंट्रिफ्युगल पंपाचं गणित असं: पाण्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात घटतो, हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग निम्मा केला तर ३ मीटरचं हेड पाऊण मीटरवर येतं. वेग तीन चतुर्थांश ठेवला तरी ते १.७ मीटरच्या आसपास राहतं. तुम्हाला १ मीटर उंचीवर पाणी हवं असेल तर १ भागिले ३ याचं वर्गमूळ काढा, ते ०.५८ येतं. म्हणजे पूर्ण वेगाच्या ५८ टक्क्यांखाली गेलात की नळीतून थेंबही येणार नाही, मोटर कितीही शांतपणे फिरत असली तरी. नळीतलं घर्षण धरलं तर ही मर्यादा आणखी वर सरकते. वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात धरला तर हे ७ व्होल्ट झाले. प्रत्यक्षात थोडं इकडे-तिकडे होतं, पण अंदाजाला हे गणित पक्कं आहे.

याच गणिताची चांगली बाजूही आहे. वेग निम्मा केला तर पाण्याला द्यावी लागणारी शक्ती आठव्या भागावर येते. आवाज घटतो, झीज कमी होते. ड्रायव्हरचा स्वतःचा खर्च आणि घर्षण यांमुळे करंट तेवढा खाली येत नाही, पण फरक ॲमीटरवर स्पष्ट दिसतो. पाणी मुळीच चढवायचं नसेल, नुसतं फिरतं ठेवायचं असेल, तर मोठा पंप घेऊन तो हळू चालवणं मला जास्त पटतं.

पायरी ३ : दोन वायरींच्या पंपाला बक कन्व्हर्टर

हवं ते व्होल्टेज अखंड देणारं सगळ्यात सोयीचं साधन म्हणजे बक कन्व्हर्टरचा तयार बोर्ड. एलएम२५९६ चिपवरचा बोर्ड बहुतेकांना ठाऊक असतो. चिप ३ ॲम्पिअरची आहे, तरी सतत चालवायचं असेल तर मी २ ॲम्पिअरच्या आतच राहतो. वरच्या उदाहरणातल्या पंपाला ०.४ ॲम्पिअर लागतो, म्हणजे बोर्ड कोमटसुद्धा धड होत नाही.

लागणारं सामान: १२ व्होल्टचा, किमान १ ॲम्पिअरचा ॲडॉप्टर, बक बोर्ड, १ ॲम्पिअरचा फ्यूज, मल्टीमीटर आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर. ॲडॉप्टर मुद्दाम १२ व्होल्टचाच घ्या. बक कन्व्हर्टर आपल्यासाठी सुमारे एक व्होल्ट खातो, म्हणून पंपाला वरच्या टोकाला ११ च्या आसपासच मिळतील. पण स्क्रू चुकून टोकापर्यंत फिरला तरी पंपावर १२ पेक्षा जास्त कधीच जाणार नाही. पूर्ण १२ मिळावेत म्हणून १९ किंवा २४ व्होल्टचा सप्लाय लावला तर ही खात्री जाते.

पंप न जोडता सुरुवात करा. ॲडॉप्टरची धन वायर फ्यूजमधून बोर्डाच्या इन प्लसला, ऋण इन मायनसला. मल्टीमीटर आउट प्लस आणि आउट मायनसवर. आता निळ्या चौकोनी पोटेन्शिओमीटरवरचा पितळी स्क्रू फिरवा. इथे पुष्कळजण घाबरतात: दोन फेरे झाले, चार झाले, आकडा ढिम्म हलत नाही, बोर्ड खराब निघाला असं वाटतं. तो स्क्रू अनेक फेऱ्यांचा असतो. नवीन बोर्डावर तो बहुधा एका टोकाला असतो, आणि आउटपुट इनपुटच्या अगदी जवळ असेपर्यंत फरक दिसतच नाही. डावीकडे फिरवत राहा. आठ-दहा फेऱ्यांनंतर आकडा एकदम ११, १०.६, १०.१ असा उतरायला लागतो आणि तिथून प्रत्येक पाव फेरा जाणवतो. टोकाला पोचल्यावर त्या स्क्रूत बारीक टिक ऐकू येते, त्यापुढे जोर लावू नका.

१० व्होल्टवर थांबा. ॲडॉप्टर काढा, पंपाची लाल आउट प्लसला आणि काळी आउट मायनसला जोडा. पंप पाण्यात बुडवा, तिरका करून आतली हवा बाहेर जाऊ द्या, मगच सप्लाय द्या. हे पंप स्वतः हवा खेचून पाणी ओढत नाहीत. आणि कोरडे तर कधीच चालवू नका, त्या दांड्याला वंगण पाण्याचंच आहे.

स्क्रू ड्रायव्हरऐवजी नॉब हवा असेल तर बोर्डावरचा पोटेन्शिओमीटर काढून त्याच किमतीचा, म्हणजे बहुधा १० किलोओहमचा, नॉबवाला बसवता येतो. त्याच्या वायरी आखूड ठेवा. नॉबमधला संपर्क सैल झाला तर आउटपुट खाली येत नाही, उलट इनपुटएवढं चढतं. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर वापरायला सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

इतर उपायांबद्दल थोडक्यात. एलएम३१७ हा व्होल्टेज रेग्युलेटर चालतो, पण कमी केलेलं सगळं व्होल्टेज तो उष्णतेत घालवतो. १२ चे ७ केले आणि पंप ०.३ ॲम्पिअर घेत असेल तर दीड वॉट, म्हणजे हीट सिंक हवाच. शिवाय तो स्वतः सुमारे दोन व्होल्ट खातो. सिरीजमध्ये रेझिस्टर टाकू नका. पंपाचा करंट बदलला की व्होल्टेज बदलतं, आणि पंप सुरू होण्याच्या क्षणी, सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच, ते कमी पडतं. एकच ठरावीक मंद वेग हवा असेल तर मात्र डायोडची माळ ही साधी आणि भरवशाची युक्ती आहे. १एन४००७ डायोड १ ॲम्पिअरचा असतो, एकेक सुमारे ०.७ व्होल्ट कमी करतो. चार डायोड म्हणजे १२ चे साधारण ९.२ व्होल्ट. उलट्या जोडणीपासून संरक्षणही त्यातच मिळतं.

पायरी ४ : सर्वांत कमी वेग शोधा

पंप चालू ठेवून व्होल्टेज अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने उतरवत जा आणि प्रत्येक ठिकाणी एक लिटरचं भांडं भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की लिटर प्रतितास मिळतात: २० सेकंद म्हणजे १८०, ४० सेकंद म्हणजे ९०. भांडं त्याच उंचीवर धरा जिथे पाणी शेवटी हवं आहे, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. करंटही शेजारी लिहून ठेवा.

एका ठिकाणी प्रवाह थांबेल, आणखी खाली मोटरही थांबेल. आता उलट करून बघा. मोटर थांबली त्याच्या किंचित वरच्या व्होल्टेजला सप्लाय काढून पुन्हा द्या. बहुधा ती सुरू होणार नाही. फिरत राहायला लागतं त्यापेक्षा सुरू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि दांड्यावर थोडा गाळ बसला की आणखी जास्त. म्हणून कायमचा वेग ठरवताना दहा वेळा बंद-चालू करून बघा. दहाही वेळा पंप आपोआप उठला तर तो आकडा घ्या, आणि त्यावर अर्धा व्होल्ट सूट ठेवा. मायक्रोकंट्रोलरने (आर्डुइनोसारख्या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने) चालवत असाल तर सुरुवातीचे दोन सेकंद पूर्ण वेग देऊन मग खाली यायचं.

व्होल्टेज उतरवूनही वेग तोच आणि करंट मात्र वाढतोय, असं दिसलं तर तुमच्या पंपाचा ड्रायव्हर वेग धरून ठेवणारा आहे. तिथे या मार्गाने काही होणार नाही. नळीवर कॉक लावा.

कॉकचं म्हणाल तर तो कमी दर्जाचा उपाय नाही. सेंट्रिफ्युगल पंपाची बाहेर जाणारी नळी अर्धवट बंद केली तर मोटरवरचा भार वाढत नाही, कमीच होतो. फार वेळ पूर्ण बंद ठेवली तर आतलं पाणी गरम होतं, एवढं सांभाळा. पाणी आत घेणारी बाजू मात्र कधीही आवळू नका, पंप उपाशी राहतो आणि खडखडतो.

सिग्नल वायर असलेले पंप

इथे पीडब्ल्यूएम चालतो, कारण तो सप्लायवर नसून वेगळ्या वायरीवर असतो. संगणकाच्या चार पिनांच्या कनेक्टरचा क्रम ठरलेला आहे: १ ग्राउंड, २ बारा व्होल्ट, ३ वेग सांगणारा टॅको, ४ पीडब्ल्यूएम. सगळ्या वायरी काळ्याच असल्या तरी या क्रमाने चला. १२ व्होल्ट कायम पूर्ण द्या, वेग चौथ्या पिनने बदला.

या सिग्नलची ठरलेली फ्रिक्वेन्सी २५ किलोहर्ट्झ आहे, २१ ते २८ चालते. आर्डुइनो उनोची नेहमीची पीडब्ल्यूएम बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झची असते, तीवर पंप कुरकुर करतो किंवा दादच देत नाही. टायमर १ फेज-करेक्ट मोडमध्ये ठेवून वरची मर्यादा ३२० दिली की १६ मेगाहर्ट्झ भागिले ६४०, म्हणजे बरोबर २५ किलोहर्ट्झ मिळतात, आणि ९ नंबरच्या पिनवर ० ते ३२० मधला आकडा म्हणजे वेग. ईएसपी३२ वर फ्रिक्वेन्सी थेट सांगता येते. पंपाचं आणि मायक्रोकंट्रोलरचं ग्राउंड एकत्र जोडायचं. काही हालचाल होत नाही तेव्हा पहिल्यांदा तेच तपासा.

टॅकोची वायर ओपन कलेक्टर असते, म्हणजे ती फक्त ग्राउंडला खाली ओढू शकते, स्वतः व्होल्टेज देत नाही, म्हणून ती १० किलोओहमच्या रेझिस्टरने ५ व्होल्टला वर ओढावी लागते. बहुधा एका फेऱ्याला दोन पल्स येतात. फ्रिक्वेन्सीला ३० ने गुणलं की मिनिटाचे फेरे: १०० हर्ट्झ म्हणजे ३०००.

तीन वायरींच्या पंपात तिसरी वायर टॅको आहे की वेग ठरवायची, हे रंगावरून ठरवू नका. टॅकोच्या वायरीवर थेट ५ व्होल्ट दिले तर आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. लाल-काळीवर पंप चालू करा, तिसरीला १० किलोओहममधून ५ व्होल्ट द्या आणि तिच्यावर मल्टीमीटरची फ्रिक्वेन्सी रेंज लावा. इतक्या मोठ्या रेझिस्टरमधून जेमतेम अर्धा मिलीॲम्पिअर जातो, नुकसान होत नाही. पल्स दिसल्या तर टॅको, आणि मग वेग बदलायला पुन्हा व्होल्टेजचाच मार्ग. पल्स नाहीत आणि पंपाचा वेग बदलला, तर ती वेगाची वायर.

ड्रायव्हर नसलेल्या थ्री-फेज पंपाला ईएससी, म्हणजे वेग ठरवणारा बाहेरचा ड्रायव्हर लागतो, ड्रोनच्या मोटरना असतो तोच. त्याला दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंदांची पल्स द्यायची. आधी १ मिलिसेकंदावर ठेवून त्याच्या बीप ऐका, मग सावकाश वर चढा. सेन्सर नसल्यामुळे ईएससी कॉइलमध्ये उलट निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून चुंबकाची जागा ओळखतो, आणि फार कमी वेगात ते व्होल्टेज पुरेसं नसतं. अगदी मंद धार हवी असेल तर हा पंप त्या कामाचा नाही.

कायमचं बसवताना

ॲडॉप्टर आणि बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. वायरीला बोर्डाच्या खालपर्यंत येणारा एक झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, बोर्डापर्यंत चढणार नाही. बोर्ड डबीत घाला, पण डबीला हवेसाठी दोन भोकं ठेवा. पाण्यात कुठेही जोड देऊ नका.

काही महिन्यांनी त्याच व्होल्टेजवर धार बारीक झाली तर स्क्रूला हात लावू नका, आधी पंप उघडा. पुढचं झाकण फिरवलं की निघतं, चुंबक-इम्पेलर बोटांनी ओढला की बाहेर येतो. दांडा जपा, सिरॅमिक कडक असतं पण वाकत नाही, तुटतं. चुंबकावर क्षाराचा पांढरा थर दिसला तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने घासा, आतली पोकळीही पुसा. झाकणाची रबरी रिंग तिच्या खाचेत नीट बसली आहे ना ते बघून झाकण लावा, आणि पायरी ४ मधल्या वहीतल्या आकड्यांशी पुन्हा एक लिटर ताडून पाहा.